दिव्याखालचे नाव : रोमन काळातील मातीचे दिवे आणि मृण्मूर्ती

१८८१ साली पॉम्पेई येथे एका घराचे उत्खनन सुरू असताना मालाने भरलेली एक पेटी हाती लागली. तिच्यात ९० नक्षीदार लाल वाडगे आणि ३७ मातीचे दिवे होते. वाडगे दक्षिण गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागातले. दिवे उत्तर इटलीचे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा हा माल नुकताच येऊन पोहोचलेला असावा, कारण तो अद्याप वापरात आलेला नव्हता. पेटी रिकामी करायची राहून गेली, ती अठराशे वर्षे.

वाडग्यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले. डोनाल्ड अ‍ॅटकिन्सन यांनी १९१४ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि गॉलमधील लाल भांड्यांचा कालक्रम लावताना ही पेटी आजही आधाराला घेतली जाते. हा धागा मात्र त्या ३७ दिव्यांचा आहे, आणि दिव्यांसारख्याच साच्यांतून निघालेल्या मातीच्या लहान मूर्तींचा.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. पॉम्पेईत दिवे करणारे कुंभार नव्हते काय? होते. नुचेरिया दरवाजाजवळ दिवे घडवणाऱ्याची कार्यशाळाच सापडली आहे. मग शेकडो किलोमीटर दूरच्या भट्टीतून हे मातीचे दिवे कोणी आणि कशासाठी मागवले?

उत्तराकडे जाण्यापूर्वी दिवा कसा असे ते पाहावे लागेल. आपली पणती वरून उघडी असते. रोमन दिवा मिटलेला असे: मधोमध तेलाची चपटी पोकळी, तिच्यावर मातीचेच झाकण, झाकणाला तेल ओतण्यापुरते भोक, एका बाजूला वातीची चोच आणि बहुधा दुसऱ्या बाजूला बोट अडकवायला कडी. दिवा हातात घेऊन जिना चढला तरी तेल हिंदकळून सांडत नसे. चोचीच्या मुळाशी सुईने टोचल्यासारखे एक बारीक छिद्र पुष्कळ दिव्यांत दिसते. ते हवा खेळण्यासाठी, किंवा वात पुढे सरकवायची काडी घालण्यासाठी असावे असे मानतात.

ग्रीक कुंभार असे दिवे पूर्वी चाकावर घडवत. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून साच्याची पद्धत रूढ होत गेली. आधी एक घन नमुना करायचा, त्यावरून वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाचे दोन साचे काढायचे, साच्यांत माती दाबून बसवायची, दोन्ही अर्धे ओलसर असतानाच जोडायचे, भोके पाडायची आणि भट्टीत लावायचे. साचे भाजलेल्या मातीचे असत, तसेच प्लास्टरचेही. प्लास्टरच्या साच्यात हवेचे बुडबुडे अडकले की दिव्याच्या अंगावर मोहरीएवढे उंचवटे उमटत. दोन हजार वर्षांनंतरही ते उंचवटे पाहून साचा कशाचा होता हे ओळखता येते.

साच्यामुळे झाकणाची वर्तुळाकार जागा चित्रासाठी मोकळी झाली. तिच्यावर कोणती चित्रे नाहीत! झुंजणारे ग्लॅडिएटर, उधळलेले रथ, जुपिटर आणि त्याचा गरुड, सशामागे धावणारा कुत्रा, डॉल्फिन, शयनगृहातील उघडीवाघडी दृश्ये. भिंतींवर चित्रे काढून घेण्याची ऐपत नसलेल्या घरात एवढे एक चित्र तरी सहज येऊ शकत होते. नववर्षाच्या भेटीसाठी खास दिवे निघत. त्यांवर विजयदेवता हातात ढाल घेऊन उभी असते, भोवती नाणी आणि सुका मेवा, आणि ढालीवर लॅटिन अक्षरांत मजकूर: नवे वर्ष मला शुभ आणि सुखाचे जावो. ‘मला’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. दिवा भेट म्हणून दिला तरी शुभेच्छा घेणाऱ्याच्याच तोंडी घातलेली आहे.

पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र उत्तर इटलीत एक निराळा दिवा पुढे आला. जाड अंगाचा, बोजड, चित्राऐवजी फार तर एखादा मुखवटा असलेला. याचे वैशिष्ट्य वरच्या बाजूला नव्हतेच. दिवा उलटा केला की बुडावर ठसठशीत उठावाच्या अक्षरांत कारखानदाराचे नाव दिसे: स्ट्रोबिलुस, कोम्मुनिस, फोएटास्पुस, युकार्पुस आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फॉर्टिस. दिव्याखाली अंधार असतो असे मराठीत म्हणतात. इथे दिव्याखाली जाहिरात होती. ‘फॉर्टिस’ या शब्दाचा अर्थही बळकट, दणकट असा. नावाची निवड म्हणून उत्तम.

ही नावे साम्राज्याच्या चारी दिशांना सापडत होती, पण त्यांचे मूळ ठिकाण नेमके कोणते? उत्तर इटलीतील मोदेना शहराकडे, म्हणजे रोमन काळातील मुतिनाकडे, अभ्यासक बोट दाखवत होते. २००८ मध्ये तेथे बांधकामाच्या निमित्ताने उत्खनन झाले आणि प्राचीन वेशीबाहेर मातीकामाच्या टाकाऊ मालाचा मोठा ढिगारा लागला. त्यात फॉर्टिस, स्ट्रोबिलुस, कोम्मुनिस, फोएटास्पुस, युकार्पुस ही सारी नावे एकत्र होती. बिघडलेला माल कोणी दूरदेशी पाठवत नाही, तो भट्टीच्या आसपासच फेकला जातो. म्हणून कुंभाराचा उकिरडा हा पुरातत्त्वज्ञाला कोणत्याही शिलालेखाइतका विश्वासार्ह वाटतो. (त्याच ढिगाऱ्यात गोफणीचे मातीचे गोळेही निघाले. इ.स.पूर्व ४३ च्या सुमारास मार्क अँटनीने मुतिनाला वेढा घातला होता, त्याची ती आठवण असावी.)

आता गुंतागुंत अशी की फॉर्टिस नावाचे सगळेच दिवे मुतिनाच्या मातीचे नाहीत. ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांच्या काठी सापडलेल्या कित्येक दिव्यांची माती तिथलीच आहे. आणि हे नाव एका माणसाच्या आयुष्यात मावणारे नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते छापले जात राहिले.

नक्कल करणे अवघड नव्हते. बाजारातून एक अस्सल दिवा विकत आणायचा, त्याच्यावर ओली माती किंवा प्लास्टर थापून साचा काढायचा आणि कामाला लागायचे. बुडावरचे नाव आपोआप साच्यात उतरते. पण माती सुकताना आणि भाजताना आक्रसते, मातीनुसार कमी-अधिक, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मूळ दिवा १० सेंटिमीटरचा असेल तर प्लास्टरच्या साच्यातून निघालेली नक्कल ९ सेंटिमीटरची. त्या नकलेवरून काढलेली पुढची नक्कल ८ च्या थोडी वर. साचाच मातीचा असेल तर आधी साचा आक्रसतो आणि मग दिवा, म्हणजे एकाच पिढीत दोनदा घट. दर पिढीत रेषाही बोथट होतात, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसू लागतात आणि शेवटी ‘फॉर्टिस’ हे नाव ठाऊक असेल त्यालाच वाचता येते. एकाच छापाचे दिवे लहानमोठे लावून ठेवले की नकलांची वंशावळच समोर उभी राहते.

याला चोरी म्हणायचे काय? रोमन कायद्यात आजच्यासारखे व्यापारचिन्हाचे संरक्षण नव्हते. इतिहासकार विल्यम हॅरिस यांनी १९८० मध्ये निराळी शक्यता मांडली: मूळ मालकांनीच आपले दास किंवा मुक्तदास प्रांतोप्रांती पाठवून शाखा काढल्या असाव्यात, कारण जड आणि स्वस्त माल दूरवर वाहून नेण्यापेक्षा साचे नेणे परवडते. युक्तिवाद दमदार आहे. तरीही विरघळलेल्या अक्षरांचे, चिमुकले झालेले शेकडो दिवे पाहिले की शाखांपेक्षा नकलाकारच अधिक होते असे वाटल्यावाचून राहत नाही. मालकाच्या शाखेला नवा, ताजा साचा मिळाला असता.

पॉम्पेईच्या पेटीकडे पाहण्याची दिशा इथे सापडते. गॉलचे वाडगे आणि उत्तर इटलीचे दिवे एकाच पेटीत आले, म्हणजे दोन्ही माल कोणा मध्यस्थाकडे एकत्र झाला होता. स्वस्त दिवा स्वतःच्या बळावर एवढा प्रवास करत नाही. तो महाग भांड्यांसोबत, जागा उरली म्हणून, किंवा नवा माल गिऱ्हाइकांच्या नजरेस पडावा म्हणून जातो. आणि गिऱ्हाइकाला गावचा दिवा मिळत असूनही ‘नाव असलेला’ हवा होता, एवढे तर स्पष्टच आहे.

दिवा स्वस्त होता, उजेड स्वस्त नव्हता. भूमध्य समुद्राभोवती दिव्यात ऑलिव्हचे तेल जळे आणि तेच तेल स्वयंपाकातही लागे. दिवा लावणे म्हणजे अन्न जाळणे. इजिप्तमध्ये गरिबांच्या घरी एरंडेल जळत असे; हेरोडोटसने त्याच्या दुर्गंधीची तक्रार करून ठेवली आहे. उत्तरेकडे, जिथे ऑलिव्ह पिकत नाही तिथे, चित्र झपाट्याने बदलते. आजच्या स्वित्झर्लंडमधील विंडिश येथे विंडोनिस्सा नावाची रोमन छावणी होती. तिच्या उकिरड्यात इतके दिवे निघाले की सिगफ्रीड लोश्के यांनी १९१९ मध्ये त्यांच्या आधारे दिव्यांचे आकारवार वर्गीकरण रचले. नावाच्या दिव्यांना त्यांनी दिलेले नऊ आणि दहा हे क्रमांक आजही जगभर वापरले जातात. छावणीतून सैन्य इ.स. १०१ मध्ये हलले, त्यामुळे तेथील दिव्यांच्या काळाला एक पक्की सीमा मिळते. पण ब्रिटनसारख्या प्रांतात छावणी आणि शहर सोडून खेड्यात गेले की दिवे विरळ होतात. तेल सैनिकाला रसदीत मिळे. शेतकऱ्याला चरबीची मेणबत्ती किंवा चुलीचा उजेड.

काही दिवे उजेडासाठी नव्हतेच. १९९९ मध्ये रोम शहरात भूमिगत वाहनतळासाठी खोदकाम चालू असताना अ‍ॅना पेरेन्ना या देवतेचे कारंजे सापडले. त्याच्या टाकीत नाणी होती, दिवे होते, आणि काही दिव्यांच्या पोटात शिशाचे पत्रे घातलेले होते. पत्र्यांवर कोणाकोणाच्या नावाने शाप कोरलेले. शेजारी शिशाच्या डब्यांत कोंबलेल्या लहान बाहुल्या. मिटलेल्या दिव्याचा असा उपयोग मुतिनाच्या कारागिराच्या स्वप्नातही आला नसेल. कॉरिंथ येथे जमिनीखालच्या एका जलकुंडात तर सुमारे ४००० दिवे निघाले. ते रोमन काळाच्या अखेरचे. तोवर जुने देव मागे पडू लागले होते, दिवे वाहण्याची प्रथा मात्र चालूच होती.

दिव्यांइतकाच साच्यांवर अवलंबून असलेला दुसरा धंदा मृण्मूर्तींचा. मूर्ती पुढून एका आणि मागून दुसऱ्या साच्यात काढायची, आतून पोकळ ठेवायची आणि पाठीला भोक पाडायचे, म्हणजे भट्टीत वाफ बाहेर पडते आणि मूर्ती फुटत नाही. भाजल्यावर पांढरा हात आणि त्यावर गुलाबी, निळा, काळा रंग. संग्रहालयातील मातकट मूर्ती पाहून ‘साधेपणा’ची स्तुती करणारे हे विसरतात की ती रंग उडालेली बाहुली आहे.

साचा हलका असतो, आणि साच्याचे तंत्र त्याहून हलके. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर या दख्खनच्या बाजारपेठांची नावे येतात. तेथला माल गाड्यांतून भडोचला जाई. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. सातवाहनकाळातील तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या स्त्रीमूर्ती याच रीतीने, पुढच्या-मागच्या दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. त्याआधी भारतात एकाच साच्यातून काढलेले, मागून सपाट असे मातीचे फलक प्रचलित होते. म. न. देशपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बदलामागे रोमन जगाचा संपर्क पाहिला. तंत्र बाहेरचे असले तरी मूर्तींची केशरचना आणि दागिने अस्सल दख्खनी आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ते पाहता येते. तेलंगणातील कोंडापूरला तर रोमन नाण्यांवरून ठसा घेऊन केलेली मातीची पदके सापडली, गळ्यात घालण्यासाठी. सोने नाही तर निदान सम्राटाचा छाप! मुतिनाच्या नकलाकाराला ही युक्ती लगेच समजली असती.

मूर्तींच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. त्या देखण्या असतात, म्हणून चोरल्या जातात. १८७० च्या दशकात ग्रीसमधील तानाग्रा येथे थडगी फोडून हजारो सुंदर मृण्मूर्ती युरोपच्या बाजारात आल्या. त्या रोमन काळाच्या आधीच्या; पण मागणी इतकी वाढली की खोट्या मूर्तींचे कारखानेच निघाले, आणि साच्यातल्या वस्तूची खोटी प्रत ओळखणे किती कठीण हे सांगायला नको. खऱ्या मूर्तींचेही नुकसान झालेच. कोणती मूर्ती कोणत्या थडग्यात, कोणाच्या उशाशी होती, हे कायमचे पुसले गेले.

याच्या उलट उदाहरण इजिप्तमधील करानिस या खेड्याचे. तेथील जुन्या घरांची माती उत्तम खत म्हणून उचलली जात होती आणि गावाचा मधला भाग त्यात नाहीसाच झाला. उरलेल्या भागात मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात उत्खनन केले. विशेष म्हणजे घर, खोली आणि थर यांची नोंद वस्तूगणिक ठेवली. ४० हजारांहून अधिक वस्तू विद्यापीठाकडे गेल्या. त्यांत एरंडेलाची काजळी धरलेले दिवे आहेत आणि हार्पोक्रेटीसच्या मूर्ती आहेत. हार्पोक्रेटीस म्हणजे इसिस देवीचा बाळ. तोंडाशी बोट, काखेत मडके. बोट तोंडात घालणे ही इजिप्शियन चित्रलिपीतील लहान मुलाची खूण. ग्रीक-रोमन लेखकांना ती उमगली नाही, त्यांनी त्याला मौनाचा देव करून टाकले. करानिसच्या शेतकऱ्याची अशी गल्लत झाली नसावी. त्याला भरल्या मडक्याचा आणि घरात रांगणाऱ्या बाळाचा देव हवा होता. बेडकाच्या आकृतीचे दिवेही इजिप्तमध्ये खूप चालत. बेडूक हे प्रसूतीची देवता हेकेट हिचे रूप; बाळंतिणीच्या खोलीत असा दिवा कशासाठी ठेवत असतील ते समजण्यासारखे आहे.

गॉलमधील आल्ये नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या मातीच्या मूर्तींचे असेच मोठे केंद्र होते. एदमों तुदो यांनी १८६० मध्ये तेथील मूर्ती आणि साचे चित्रांसह प्रसिद्ध केले. दोनच नमुने पुन्हा पुन्हा दिसतात: उभी नग्न व्हीनस आणि वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसून बाळाला पाजणारी माता. हजारोंनी काढलेल्या, एकीसारखी दुसरी. संग्रहालयाच्या कपाटात ओळीने उभ्या केल्या की त्यांच्याविषयी फारसे काही बोलता येत नाही. ही देवी आहे की खेळणे? नवसाची की शोभेची?

१९९० मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात अ‍ॅरिंग्टन या गावी शिशाची एक रोमन शवपेटी सापडली. दुसऱ्या शतकातली. आत वर्षही पूर्ण न झालेले बाळ होते. हाडांच्या तपासणीत दिसले की त्याला डोक्यात पाणी साठण्याचा विकार होता. डोके वाढत गेले असेल आणि घरच्यांना ते दिवसेंदिवस दिसत असेल. शिसे महाग, म्हणजे कुटुंब गरीब नव्हते. त्या शवपेटीसोबत एक लाकडी पेटी पुरलेली होती, आणि तिच्यात समुद्रापलीकडून आलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती: खुर्चीत बसलेली माता, गुबगुबीत, टक्कल असलेले एक हसरे बाळ, एक मेंढा, एक बैल, आणखी काही. सगळ्या साच्यातल्या, बाजारात कोणालाही मिळणाऱ्या. त्या एकेक करून पेटीत ठेवल्या गेल्या, पेटी शिशाच्या झाकणावर ठेवली गेली, आणि मग खड्डा बुजवण्यात आला.